हसनचाचांचा पांढरा दोरा

परवा तो फोटो पुन्हा छापून आला. निवडणूक तिसऱ्यांदा पुढे ढकलल्याची बातमी होती आणि तिच्या डोक्यावर जुनाच फोटो: दोह्यातल्या हॉटेलचा हॉल, घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेबल, आणि एका निवृत्त ब्रिगेडियरचा हात, हातभर झेंड्याचा कोपरा धरलेला. खाली ओळ, 'परस्परविश्वासाचा क्षण'. फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर दिसतं. चौकड्याच्या शर्टातलं, घासून पांढरं पडलेलं. त्या कोपराबद्दल आजवर कुणीही एक अक्षर लिहिलेलं नाही. ते कोपर हसनचाचांचं.

हसनचाचा मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, खेडच्या बाजूचे. दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या आमच्या घराला ते 'पडदेवाले चाचा' म्हणून माहीत. मी इंग्रजी शाळेत जात होते तेव्हापासून आमचे पडदे तेच शिवायचे. आई म्हणायची, "त्यांनी घातलेली दुमड घर पडलं तरी उसवणार नाही." मार्केटमागच्या गल्लीत दुकान, एक मशीन, एक इस्त्री, आणि भिंतीवर जगाचा नकाशा. नकाशा सजावटीचा नव्हता. पडदे आणि युनिफॉर्म हे चाचांचं रोजचं काम. त्यांचं खरं काम झेंड्यांचं. शहरात कुठल्याही दोन देशांची बोलणी ठरली की हॉटेलचा माणूस आधी चाचांना फोन करायचा. "दोन नवे, एक बदली," एवढंच सांगायचा. बदली म्हणजे तिथलं सरकार गेलं. बातम्यांच्या आधी ते चाचांना कळायचं.

देशांची नावं ते घेत नसत. "तो हिरवा-पिवळा," "तो साटनवाला," "तो तीन पट्ट्यांचा, पण लाल वेगळा, आपला लाल लावलास तर भांडण." नेपाळ तेवढा नावाने. "नेपाळ ज्याला कापता आला तो शिंपी. बाकीचे सगळे चौकोन कापणारे." सुई कायम कॉलरच्या डाव्या टोकाला खोचलेली. तिच्यात नेहमी पांढरा दोरा.

पुण्यात कॉलेज केलं, चळवळ केली, रात्रंदिवस पत्रकं लिहिली, आणि पुन्हा दोह्याला आले ती एका संस्थेच्या कामावर. संस्था बोलण्यांना आलेल्या तरुण शिष्टमंडळांची सोय बघायची: कागद, गाडी, दुभाषी, औषधं. चाचांना मी माझं काम समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तू पत्रकबाय." तेव्हापासून तेच नाव. "काय गो पत्रकबाय, आज कुणाचा धिक्कार?" मशीनवरून मान न उचलता विचारायचे. मी खरंच कुणाचातरी धिक्कार करत असायचे. मला राग येत होता आणि तो येण्यासारखाच होता. हॉलमध्ये बसलेले बडे देश कुठेतरी गोळीबार झाला की 'चिंता' व्यक्त करत, गोळीबार थांबला की त्याचं 'स्वागत' करत, आणि मधल्या काळात जे मेले त्यांना 'प्रक्रिया' म्हणत.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांचे भाऊ अजून आत आहेत. तिथे दिवसच्या दिवस वीज नव्हती, तेव्हा विद्यार्थी कंदील घेऊन रस्त्यावर आले. आधी शेकड्यांनी, मग मोजता येणार नाहीत इतके. अध्यक्ष विमानात बसून पळाला. मागे राहिली त्याचीच माणसं, आणि त्यांनी स्वतःला 'हंगामी परिषद' असं नाव दिलं. दुसरीकडे रस्त्यावरच्या पोरांची समिती. या दोघांना दोह्यात समोरासमोर बसवायचं आणि देश नीट मार्गाला लावायचा, असं बड्या देशांनी ठरवलं. भोवती त्यांचे दूत बसणार होते, आधार द्यायला.

गोष्ट अडली एका खुर्चीवर. परिषद म्हणाली, समिती हा पक्ष नाही, ती भिंतीलगतच्या खुर्च्यांवर पाहुणी म्हणून बसेल. पाहुण्यांनी ऐकायचं असतं. टेबलाशी बसतो तो बोलतो, सही करतो, विषय मांडतो. समितीचा विषय एकच होता: आंदोलनात धरलेले कैदी. समितीच्या वतीने आली होती नादिया, चोवीस वर्षांची, दातांची डॉक्टर होता होता राहिलेली. तिचा धाकटा भाऊ त्याच कैद्यांत होता. टेबलाशी जागा मिळाली तर त्याचं नाव कागदावर, नाही तर नाही. आणि टेबलाशी जागा म्हणजे समोर झेंडा. झेंड्याशिवाय खुर्ची नाही, असा तिथला रिवाज.

आता झेंडा कुठला? जुन्या झेंड्याच्या मधोमध सिंह होता, पळालेल्याच्या घराण्याचा. पोरांनी रस्त्यावर तो कात्रीने कापून काढला होता आणि तिथे पिवळ्या कापडाचा कंदील लावला होता. परिषदेला सिंह हवा, समितीला कंदील. तीन दिवस सगळे दूत या एका गोष्टीवर बसले. चौथ्या दिवशी कागद निघाला: परिषदेसमोर सिंह, समितीसमोर कंदील, पण कंदील 'तात्पुरता, निवडणूक होऊन नवी राज्यघटना होईपर्यंत'.

तो कागद घेऊन मी नादियासह दुकानात गेले. चाचांनी चष्मा नाकावर घेतला, कागद वाचला, पुन्हा वाचला.

"तात्पुरता लिवलाय."

"हो. नाव दिलंय नुसतं. तुम्ही शिवून टाका."

"तात्पुरता म्हणजे कच्चा टाका."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि डोकं फिरलं. चाचा कंदील मशीनवर मारणार नव्हते. पुढून-मागून एकेक कंदील ठेवून हाताने पांढऱ्या दोऱ्याचा लांब टाका घालणार होते, कापड जागेवर धरण्यापुरता. शर्ट शिवताना बाही अंगाला लावून बघायला घालतात तसा.

"चाचा, लोक मेलेत या कंदिलासाठी."

"ऐकलंय."

"मग त्यांनी काय लिहिलंय त्याचं तुम्हाला काय पडलंय? मशीन मारा. उद्या कोण उलटून बघणार आहे?"

"मी बघणार." त्यांनी झेंडा मांडीवर पसरला. "पक्का म्हणून कागद आण. मी पक्का मारतो. आणि ऐक, मशीनचा टाका उद्या उसवायला लागला तर कापडाला भोकं राहतात. कच्च्याची राहत नाहीत."

"राहू देत भोकं," मी म्हणाले. "लोकांच्या अंगावर राहिलीच आहेत."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. चाचांनी कॉलरवरची सुई काढली. नादियाने मला विचारलं, काय म्हणतायत. मी इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना विचार, कच्चा किती दिवस टिकतो?"

"जपलं तर वर्ष," चाचा म्हणाले. "वर्षात होतील ना यांच्या निवडणुका?"

"इन्शाल्ला," नादिया म्हणाली. प्रश्न मी इंग्रजीत सांगितला होता; हे उत्तर चाचांना सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांसमोरून रागाने उठून गेले. आता सांगते, मला ते भित्रे वाटले. वाटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या देशात राहून माणूस असाच होतो, वरून कागद येईल तेवढंच शिवणारा. घरी येऊन आईजवळ तसं बोललेही. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यांची पेटी बघितलीस का कधी?"

पेटी मी बघितली ती दुसऱ्या दिवशी झेंडा घ्यायला गेले तेव्हा. इस्त्रीच्या टेबलाखाली पत्र्याची ट्रंक होती. आत डांबराच्या गोळ्या आणि झेंडे, इस्त्री करून, घडी घालून, मध्ये पातळ कागद. सगळे बाद झालेले. सरकार बदललं, चिन्ह बदललं, दोन देश झाले, दोनाचा एक झाला. हॉटेलवाले जुने फेकायला द्यायचे आणि चाचा ते दुकानात आणायचे. त्यांतले काही तर अशा माणसांचे होते की मी त्यांच्याविरुद्ध घोषणा दिलेल्या.

"हे कशाला ठेवता? जाळा की."

"अगो, राजे परत येतात." ते घडी मोडू न देता एकेक दाखवत होते. "हा बघ. दोनदा गेला, दोनदा आला. दोन्ही वेळा हॉटेलचा फोन, चाचा, अर्जंट. मी म्हटलं, दहा मिनिटांत देतो. नुसती इस्त्री फिरवली."

"म्हणजे तुम्हाला कुणी आला-गेला सारखंच."

"नाय." त्यांनी ट्रंक बंद केली. "पण मी आणू शकत नाय, घालवू शकत नाय. मी सरळ टांगू शकतो."

सरळ टांगण्याला इतिहास होता. फार पूर्वी कुठल्याशा हॉलमध्ये सजावटवाल्यांनी एक झेंडा उलटा टांगला, एक शिष्टमंडळ उठून गेलं, बोलणी मोडली आणि खापर शिंप्यावर फुटलं. त्यानंतर चाचांनी शिवलेल्या प्रत्येक झेंड्याच्या वरच्या कोपऱ्यात, दुमडीच्या आत, लाल धाग्याचा एक ठिपका असतो. बाहेरून दिसत नाही, बोट फिरवलं की लागतो. आणि तेव्हापासूनचा दुसरा नेम: झेंडा मांडला की शिंप्याने तासभर जागा सोडायची नाही. प्रत्येक उद्घाटनाला ते हॉटेलच्या मागच्या बोळात, ताटं-वाट्यांच्या गाड्यांच्या मधे, उलट्या क्रेटवर बसून राहायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. स्वयंपाकघरातली पोरं चहा द्यायची. आत जगाचं काय चाललंय ते न विचारता ते घड्याळ बघायचे आणि तास झाला की "खलास" म्हणून उठायचे.

ते तिथे बसतात हे मला माहीत होतं. नशीब माझं.

बोलण्यांच्या सकाळी हॉल तयार होता. नाव-पाट्या, पाणी, भाषांतर ऐकायची कान-यंत्रं. परिषदेचा सिंह जागेवर, समितीचा कंदील जागेवर. कॅमेरेवाले आत येत होते. नादिया दाराशी शिष्टमंडळाच्या रांगेत. मी शेवटची नजर टाकायला टेबलाशी गेले तर कंदिलाच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं. पिवळ्या कंदिलावर पांढरा दोरा, चांगला बोटभर. सगळं जग बघणार आणि आमच्याच झेंड्याला दोरा लोंबतोय. मी चिमटीत धरला आणि ओढला.

टाका कच्चा आहे हे मला ठाऊक होतं. त्यावरून मी भांडले होते. पण हातांना कुठे ठाऊक होतं? हात पत्रकं वाटणारे. दोरा सरसर आला, जवळजवळ सगळा. पुढचा कंदील टेबलावर पडला, मागचा एका टाक्यावर लोंबत राहिला. मधोमध कोरं कापड.

परिषदेचा एक निवृत्त ब्रिगेडियर तेवढ्यात पाण्याची बाटली घ्यायला तिथे आलेला. त्याने बघितलं आणि हसला. मग आपल्या भाषेत मागे वळून काहीतरी म्हणाला आणि त्याची माणसंही हसली. नादियाने मला नंतर अर्थ सांगितला: "आम्ही हातही लावला नाही."

दोन मिनिटांत प्रोटोकॉलचा अधिकारी आला, त्याच्यामागे एक दूत. दूत फार सौम्य बोलायचा. म्हणाला, आजचा दिवस समितीने भिंतीलगत बसावं, फक्त आजचा. झेंडा दुरुस्त होऊन आला की उद्या बघू. 'उद्या बघू' हे मला ओळखीचं होतं. एकदा भिंतीला बसलेला माणूस परत टेबलाशी येत नाही. परिषदेला तेच हवं होतं, आणि ते त्यांना मी दिलं होतं. मी नादियाकडे बघू शकले नाही. मी मागच्या बोळाकडे धावले.

चाचा क्रेटवर. मी सांगितलं. ते उठले, कॉलरवरची सुई चाचपली. "ओढलास?"

"हो."

"हं," म्हणाले. बस.

त्यांचा पास मागच्या बोळापुरता होता. दारावरच्या माणसाला मी काहीबाही सांगितलं, चाचा मात्र सरळ चालत राहिले. हॉल ओलांडून आले, खिशातून चष्मा काढला, पडलेला कंदील उचलून फुंकला, आणि बसून शिवायला जागा हवी म्हणून जी खुर्ची समोर होती ती ओढून तिच्यावर बसले. समितीची खुर्ची. तीन दिवस ज्या खुर्चीवर कोण बसणार यावरून जगातली हुशार माणसं झोपली नव्हती, तिच्यावर पहिला बसला खेडचा शिंपी. प्रोटोकॉलचा अधिकारी तोंड उघडून उभा राहिला. शिंप्याला काय म्हणून उठवायचं ते त्याच्या वहीत नव्हतं.

झेंडा काठीवरच होता, कापड हलत होतं. चाचांनी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांत जवळ ब्रिगेडियर, अजून हातात बाटली. चाचांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघत कोपरा पुढे केला. "साब, ज़रा पकडो. सीधा. यल्ला, जल्दी."

हिंदी त्याला येत नव्हती. पण वयस्क माणूस सुई तोंडात धरून कापडाचा कोपरा पुढे करतो तेव्हा जगात कुणीही तो धरतो. त्याने बाटली खाली ठेवली आणि धरला. चाचांनी दोन्ही कंदील जागेवर लावले. एकदा त्याचा हात ढिला पडला तेव्हा त्यांनी त्याच्या मनगटावर बोटाने टकटक केलं. त्याने पुन्हा ताणून धरला. हॉलमधले कॅमेरे खटखटत होते. शेवटची गाठ मारून चाचांनी दोरा दाताने तोडला, "शुक्रन" म्हणून आभार मानले, उठले, आणि खुर्ची नादियाकडे वळवून ठेवली. ती येऊन बसली. आता तिला कोण उठवणार? सगळे तर बघत होते.

संध्याकाळच्या निवेदनात तो सौम्य दूत म्हणाला की आज सकाळी दोन्ही बाजूंनी मिळून झेंडा धरला आणि विश्वासाचं वातावरण तयार झालं. कुठल्या दोन्ही बाजू? एका बाजूने उसवला होता, तो मी. दुसऱ्या बाजूने खोळंबा नको म्हणून धरला होता. मधे जो होता तो तोपर्यंत दुकानात जाऊन कुणाच्या तरी दिवाणखान्याचे पडदे शिवत होता. मी तावातावाने त्यांना निवेदन वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ब्रिगेडियर बरा धरतो. दुकानावर ठेवायला हरकत नाय."

करार झाला. कैदी टप्प्याटप्प्याने सुटणार, शेवटचा टप्पा निवडणुकीनंतर. निवडणूक वर्षाच्या आत, 'शक्यतो'. यादी आली तेव्हा नादियाने ती उभ्यानेच वाचली. भावाचं नाव शेवटच्या टप्प्यात होतं. ती म्हणाली, "निदान नाव आहे." मला ते 'शक्यतो' तेव्हाच टोचलं होतं. मी त्यावर पत्रक लिहायला घेतलं. कुणाला वाटणार होते, कोण जाणे.

ती परत जायच्या आधीच्या शुक्रवारी चाचा आम्हाला त्यांच्या जुन्या पिकअपमधून समैस्माच्या समुद्रावर घेऊन गेले. बैठका संपल्या की झेंडे इस्त्रीला त्यांच्याकडे येत, तसा कंदिलाचा झेंडाही आला होता. पिशवीत घालून आणला. "टेबलावरच्या झेंड्याला वारा ठाऊक नसतो," म्हणाले. "एसीत नुसता थरथरतो." किनाऱ्यावर गाडीच्या आडोशाला त्यांनी तो दोन हातांत आडवा धरला, कमरेइतकाच, वर नाही, उगाच कुणी बघून प्रश्न नकोत. समुद्राचा वारा चांगला होता. कापड फटफटलं. कंदील जागचा हलला नाही. मी जवळ जाऊन बघितलं: टाका कच्चाच, पण दोरा दुहेरी, आणि घातलेला इतका बारीक की कच्चा म्हणायला लाज वाटावी.

"हे कागदात बसतं का?" मी विचारलं.

"कागदात कच्चा लिवलाय. बारीक नको असं कुठे लिवलाय?" मग झेंडा माझ्यापासून जरा लांब धरत, नादियाकडे बघत मला म्हणाले, "हिला सांग, वारा काय करत नाय. पत्रकबायपासून जपायला हवा." मी भाषांतर केलं. यादी वाचल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

वर्ष झालं. निवडणूक पुढे गेली. मग आणखी सहा महिने झाले आणि ती पुन्हा पुढे गेली. दोन्ही वेळा दूतांनी 'खेद' व्यक्त केला आणि 'प्रक्रियेवर विश्वास' ठेवला. नादियाचा मेसेज आला: "भावाला भेटू दिलं. बारीक झालाय. विचारत होता, कंदील अजून आहे ना?"

तो मेसेज घेऊन मी दुपारी दुकानात गेले. माझं काम संपलं होतं, पुढच्या आठवड्यात पुण्याला निघायचं होतं. चाचाही निघायच्या तयारीत. खेडला घराचा वरचा मजला झाला होता, दुकान एका केरळी माणसाला दिलेलं. भिंतीवरचा नकाशा गुंडाळून ठेवला होता. पत्र्याच्या ट्रंकेला दोरी. कात्र्या, इस्त्री, आरसा, सगळं खोक्यांत.

चाचा स्टुलावर बसून, त्यांच्याकडेच ठेवायला दिलेल्या त्या कंदिलाच्या झेंड्याचा पांढरा दोरा काढत होते. एकेक टाका, सुईच्या टोकाने. जुना दोरा पिवळट पडला होता, दोन ठिकाणी विरलेला. कापडावर एक भोक नव्हतं. सगळा काढून झाल्यावर त्यांनी नवा दोरा ओवला, पांढराच, दुहेरी, आणि पुन्हा कच्चा टाका घालायला लागले.

मी मेसेज वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. हात थांबले नाहीत.

"चाचा, आता तरी पक्का मारा. कुणाला काय कळणार आहे?"

"तिच्या भावाला कळेल. बाहेर येईल तेव्हा बोट फिरवून विचारेल, कागद यायच्या आधीच पक्का कसा मारला म्हणून."

मला भांडायचं होतं. शब्द तयार होते. पण सगळ्या बांधाबांधीत एकच गोष्ट बांधलेली नव्हती, ती माझ्या नजरेत आली. मशीन. ते खिडकीशी जागच्या जागी होतं.

"हे का नाही बांधलं?"

"आत्ताच तेल घातलंय," चाचा म्हणाले आणि टाका ओढला.

मी मशीनजवळ गेले. सुईत दोरा ओवलेला होता. कंदिलाचा, पिवळा.